साखराबाईंना न पटलेला इन्स्पेक्टर

जळकोटच्या अलीकडं आमचं गाव. शेजारच्या साखराबाई मुळात टीव्ही बघणाऱ्यातल्या नव्हत्या. नवरा वारल्यावर चार एकर रान त्यांनी एकटीनं पिकवलं, त्यात सवडच मिळाली नाही. मग सून अयोध्या संध्याकाळी पोलिसांची एक मालिका लावायला लागली आणि साखराबाई तिच्यात अडकल्या. मीही तिथंच जाऊन बसायची.

मालिकेतला इन्स्पेक्टर आम्हा बायकांचा लाडका. आईचे पाय चेपायचा, लाच घ्यायचा नाही. एका भागात त्यानं एका भुरट्या चोराच्या घरात रक्ताचा चाकू स्वतःच ठेवला आणि त्याला खुनात अडकवलं. आम्ही खूश. तो चोर तरी कुठं सरळ होता? बहिणीच्या पोरीच्या शाळेचा खर्च करायचा खरा, पण तिच्याच गळ्याची शपथ घेऊन खोटं बोलायचा.

"चाकू ह्यानंच ठिवला की," साखराबाई म्हणाल्या.

"पण आत्याबाई, त्यो चोरच हाय ना?" अयोध्या म्हणाली.

"हाय की. मग चोरीचं लावावं. खून कशाला लावतो?"

"इन्स्पेक्टर मनानं लई चांगला हाय."

"म्हून तर भ्या वाटतं. वाईट माणसाला लोक इचारतात तरी. ह्याला कोण इचारणार?"

आम्ही हसलो आणि विषय तिथंच राहिला.

दिवाळीनंतर गावातल्याच सुदामच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, बजरंग. आदल्या वर्षी तो केबल चोरताना सापडला होता. भर दुपारी चार-पाच जणांनी त्याला मारुतीच्या पारावर आणून बसवलं. सुदामनं पट्ट्याचे दोन फटके ओढले. तेवढ्यात साखराबाई रानातून आल्या. डोक्यावरचा गवताचा भारा त्यांनी खाली टाकला आणि बजरंगला खेटून बसल्या.

"उठा मावशी, तुम्हाला लागंल," सुदाम म्हणाला.

"लागू दे. मोटार नेताना ह्याला कुणी बघितलं?"

"केबल ह्यानंच चोरली होती न्हवं?"

"चोरली होती. माझ्याच विहिरीवरची. त्याचा मार त्यानं तवाच खाल्ला. आता पोलिसाला बोलवा."

पोलीस येईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

तपासात निघालं ते असं : मोटार उदगीरकडच्या दोघांनी नेली होती. बजरंगनं त्यांना पाहिलं होतं आणि गप्प बसायचं म्हणून त्यांच्याकडून एक मोबाइल घेतला होता, म्हणून पोलिसांनी त्यालाही धरलं.

"बघा मावशी, कुणासाठी बसला होता तुम्ही," सुदाम म्हणाला.

"त्यानं जेवढं केलं तेवढंच त्याच्या पदरात पडावं, म्हून बसले होते."

निर्दोष माणसाची बाजू घेणारे मी पाहिलेत. पण ज्याची स्वतःलाच खात्री नाही, त्याच्यासाठी पट्ट्यासमोर बसणारी बाई मी ही एकच पाहिली.

जामिनावर सुटून आल्यावर बजरंग त्यांच्या पाया पडायला गेला. त्यांनी पाय मागं घेतले. "मोबाइल घेताना लाज वाटली न्हाई?" एवढंच विचारलं. मग हरभऱ्याच्या काढणीला त्यांनीच त्याला बोलावलं. दुपारी बांधावर आधी त्याच्या हातात चहा देतात. आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली मात्र स्वतःच्या कमरेलाच ठेवतात.