नावानिशी प्रार्थना

कांतामावशीच्या घरी सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय चूल पेटत नाही. ती प्रार्थनाही थोडक्यात आटपत नाही. मुलगा प्रफुल्ल, सून पायल, मी, चर्चचे पाळकसाहेब, चर्चच्या मंडळीतली आजारी माणसं, प्रत्येकाला नावानिशी देवापुढे उभं करायचं. मी तिची भाची, चहासाठी जीव टाकणारी. देव काय हजेरी घेतो का, असं एकदा चिडून विचारलं तर म्हणाली, "त्याले समदे ठाऊक हायेत. मीच कोनाले विसरीन म्हणून घेतो."

खरं कारण वेगळं होतं. मावसा साप चावून गेला त्या सकाळी ती तापाने फणफणली होती आणि प्रार्थना राहिली होती. पाळकसाहेबांनी पुष्कळ समजावलं, पण तिच्या मनात धास्ती बसली ती बसलीच.

कापूस वेचणीच्या दिवसांत शेतमालक मजूर बायांसाठी ऑटो पाठवतात. तो चुकला की रोज बुडाला. त्या दिवशी दोन ऑटो आले, एक मावशी आणि मी जायचो त्या शेताचा, दुसरा महागावकडचा. पायल दुसऱ्यात जाणार होती. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. शेवटी मावशी "आमच्या घरच्या समद्यायले सांभाळ, आमेन" म्हणून उठली. मला तर बरंच वाटलं.

दुपारी शेतमालक नागोराव बांधावर येऊन उभे राहिले. महागावच्या रस्त्यावर बायांचा ऑटो पुलाखाली उलटला होता. आपल्या गावची एक बाई जागीच गेली, पण कोण ते त्यांना कळलं नव्हतं. पायलचा फोन लागत नव्हता.

कमरेला कापसाने भरलेली ओटी तशीच ठेवून मावशी मटकन खाली बसली. हात जोडायला गेली, पण ते जुळेनात. प्रार्थना कर म्हणून मी तिला हलवलं.

"आज मी पायलचं नाव नाही घेतलं वं," ती म्हणाली. "आता कोन्या तोंडानं बोलू त्याच्याशी?"

मला राग आला. एका नावासाठी सून उचलून नेणारा देव तिने कुठून आणला होता? पण घाबरले तर मीही होते. तिचे गारठलेले हात धरून मीच प्रार्थना करू लागले. पायल, पायल, याच्यापुढे मला शब्दच सुचले नाहीत.

बऱ्याच वेळाने पायलचाच फोन आला. डोक्याला टाके पडले होते, पण ती नीट बोलत होती. मावशी ढसाढसा रडली, येशूचे उपकार मानू लागली. मग पायलने सांगितलं की गेली ती इंदूबाई.

इंदूबाई आमच्या समोरच्या दारातली. आमच्याकडे विरजण तिचं, तिच्याकडे वरवंटा आमचा, असा शेजार. मावशीचं रडणं थांबलं.

"तिचं नाव तं मी कधीच नाही घेतलं," ती म्हणाली. "आपल्या मंडळीतली नव्हती ना."

संध्याकाळी इंदूबाईच्या अंगणात माणसं जमली. मावशी दारातच अडखळली, आत पाय टाकायला तिला भीती वाटत होती. मी हात धरला तेव्हा कुठे आली. इंदूबाईचा नवरा उकंडा भिंतीला टेकून बसला होता. मावशी त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "उकंडाभाऊ, लेकींचे, नातवायचे नावं सांगा मले."

त्याने एकेक करून सांगितली. मावशीने ती पुन्हा म्हणून पाहिली, एखादं राहू नये म्हणून.