स्पेअरला हात लावू नगा

"स्पेअरला हात लावू नगा!" असं ओरडत अण्णा विमानाच्या पोटाखाली दोन्ही हात पसरून उभे राहायचे. शेतात शिरलेली गुरं हाकलावी तसे आम्हाला हाकलायचे.

हैदराबादच्या विमानतळावर आमची कंपनी आपली लांब पल्ल्याची विमानं दुरुस्त करते. विमानं जुनी, म्हणून एक विमान कायम राखीव, म्हणजे स्पेअर, तयार ठेवायचं. एखादं ऐन वेळी बंद पडलं की हे उडवायचं. पण कुठल्याही विमानाला पंप हवा असला की सगळ्यांचे हात आधी त्या उभ्या विमानाकडेच वळतात. आज पंप, उद्या झडप, आणि गरजेच्या दिवशी स्पेअर जागचं हलत नाही. कारखान्यात काम केलेल्यांना हे नवीन नाही.

मी बसवकल्याणचा, अण्णा जवळच्याच राजेश्वरचे. माझ्याहून वर्षभराने मोठे. हुद्दा एकच, तरी सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि मला आडनावाने हाक मारत. मला ते खुपायचं, कशाला लपवू?

सुटा भाग हवा असला की अण्णा माधुकरीला निघायचे. गाणगापुरात दुपारी दत्तमहाराज भिक्षेला येतात, म्हणून तिथे गेलेला लखपतीही पाच घरी झोळी पसरतो. अण्णा लहानपणापासून आईबरोबर तिथे मागत आलेले. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांच्या स्टोअरात जाऊन उसना पंप मागताना त्यांना जराही संकोच वाटत नसे. एकाशी कन्नड, दुसऱ्याशी दखनी. "भाई, एक पंप देव ना, आठ रोज में लौटा देतूँ." पाच ठिकाणी फिरायचे, एखाद्या ठिकाणी पंप मिळायचाच, वर चहा. त्याच खिडकीवर मी गेलो की उत्तर मिळे, "मेल पाठवा."

मग सर्वांत जुनं विमान सेवेतून काढायचं ठरलं. इंधन फार प्यायचं, सुटे भाग मिळेनासे झाले होते. परदेशातल्या एका वाळवंटात नेऊन ते मोडणार होते. सोबत एकाच इंजिनियरला जागा होती. त्या विमानावर मी अण्णांच्या आधीपासून काम करत होतो. साहेबांच्या कानावरही घालून ठेवलं होतं. पण ते नेणारा वैमानिक म्हणाला, "अण्णांना द्या."

माझा जळफळाट झाला. दुपारी अण्णा डबा घेऊन शेजारी येऊन बसले.

"तोंड कामून पाडलास? तूच जा की. म्या सायबाला सांगतो."

"तुमच्या हातून नको."

"दिलेलं घ्यायला लाज कसली रे?"

"तुमाला नसंल. मला हाय."

त्यांनी कडक भाकरी मोडून अर्धी माझ्या झाकणात ठेवली. मी तिला हात लावला नाही. आज विचारलंत तरी नकोच म्हणेन.

अण्णा विमानाबरोबर गेले. तिथल्या लोकांना त्यांचं काम आवडलं, त्यांनी ठेवूनच घेतलं. इकडे आमच्या स्पेअरचे पार हाल झालेत.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "काल आपल्या इमानाचे पंख कापले रे. म्या तिथंच उभा व्हतो. आपल्यातलं दुसरं कुणीच न्हाई..." साठीला टेकलेला माणूस परक्या मुलखात हुंदके देत होता. मी फोन कानाला धरून बसलो. माझे डोळे कोरडेच राहिले. त्या विमानासाठी रडायचं तर मी रडायला हवं होतं, आणि तेही अण्णांच्याच वाट्याला गेलं.