मशीन पुन्हा सुरू होतं तेव्हा

भुताच्या गेमला संगीत द्यायचं काम मला मिळालं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि अजून अंधाराला घाबरत होते. हे अर्थात कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा, दोन हजारच्या दशकात, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत काही पोरं कॉम्प्युटर गेम बनवायची. त्यांच्या मालकाने मला आमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवताना ऐकलं होतं. गेमची गोष्ट साधी होती. एक कामगार बंद कारखान्यात भुताबरोबर अडकतो, आणि खेळणाऱ्याने त्याला दारापर्यंत पोचवायचं.

मी जीव तोडून धून केली. मांजरं, किंकाळ्या, वरून ढोल. मालक ऐकून हसायलाच लागला.

"सिस्टर, डर किधर है? ये तो बारात आ रही है."

पुन्हा करून नेली, पुन्हा बारातच. रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघतो म्हणाला.

इकडे घरी, बुवापाड्यात, पप्पांचं वेगळंच. ते आनंदनगरच्या एका कारखान्यात प्रेसवर होते, पत्रा दाबून पार्ट काढायच्या मशीनवर. साहेबांशी बोलून त्यांनी मला सोमवारपासून तिथेच पॅकिंगला लावायचं ठरवलं होतं. "तुझ्या आजोबांनी धम्म घेतला, तेव्हाच भूतबीत गावाकडे सोडून आले ते," असं म्हणायचे. "आणि तू भुतांना गाणी लावतेस?" मीही काही कमी नाही. दोन दिवस बोललेच नाही त्यांच्याशी.

शुक्रवारी त्यांची सुट्टी. दुपारी मी हेडफोन लावून चक्क रडत बसले होते. पॅकिंगच्या खोक्यांत माझा कीबोर्ड कायमचा जाणार, एवढंच दिसत होतं. पप्पा आले, माझ्या कानावरचे हेडफोन काढून स्वतः लावले आणि डोळे मिटून सगळं ऐकलं. आता शिव्या बसणार, असं मला वाटलं.

"एवढ्या गोंगाटाला कोण घाबरतं? आम्ही गोंगाटात डबा खातो रोज."

"मग कशाला घाबरतात?"

"मशीन मधेच थांबलं की."

मग त्यांनी घरात कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. एकदा शेजारचा प्रेस अचानक थांबला. मग त्याच्या पुढचा, मग सगळेच. कुणी काही विचारलं नाही. "माणूस पहिले आपले हात बघतो," पप्पा म्हणाले. "मग दुसऱ्यांचे." त्या दिवशी शेजारच्याची फक्त बाही अडकली होती. ती कापून त्याला बाहेर काढला. "मशीन परत चालू झालं ना, तो आवाज ऐकून रडलो मी." ओट्यापाशी आईचा लाटण्याचा आवाज थांबला होता.

शनिवारी त्यांनी सुपरवायझरला विचारून डब्याच्या पिशवीतून माझा टेपरेकॉर्डर नेला आणि प्रेसचा आवाज भरून आणला. मी मांजरं, किंकाळ्या, ढोल, सगळं पुसून टाकलं. नुसता ठोका ठेवला. भूत जवळ आलं की तो मधेच थांबायचा. कामगार दाराबाहेर पडला की पुन्हा सुरू.

रविवारी मालकाने स्वतः गेम खेळून बघितला. ठोका थांबला तशी त्याची बडबडही थांबली. खाली दुकानात गिऱ्हाइकांची घासाघीस चालली होती तेवढीच ऐकू येत होती. शेवटी कामगार सुटला, मशीन सुरू झालं, आणि मालकाने खुर्चीत मागे रेलून एवढा मोठा श्वास सोडला की मला हसू आलं. पुढच्या गेमचं कामही त्याने तिथल्या तिथे दिलं.

घरी आले तर पप्पा दारातच उभे.

"ठेवलं त्यांनी," मी म्हटलं.

"सुटतो का तो कामगार?"

"सुटतो. मशीन चालू होतं."

"मग बरं. उद्या साहेबांना सांगतो, पोरगी येत नाही म्हणून."

मी मोठा श्वास सोडला. पण पप्पांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, दहाही बोटं नीट बघितली, आणि मग कुठे त्यांनीही श्वास सोडला.