आठव्या मजल्यावरून दिसलेला फवारा

वरखालीची आणि फवाऱ्याची पहिली भेट झाली तेव्हा फवारा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लटकत होता. त्याच्या सांगण्यानुसार तो तिथे इतका वेळ लटकला की तेवढ्यात त्याची दाढी दोनदा वाढली, दोनदा त्यानं ती लिफ्टच्या आरशात स्वतःच केली, खालच्या मजल्यावरच्या एका मुलीचं लग्न ठरलं, झालं आणि ती नवऱ्याची तक्रार घेऊन माहेरी येऊनही गेली. लोक म्हणे जाळीतून त्याला केळी भरवत होते. वरखालीच्या डायरीत मात्र त्या दिवशीची नोंद आहे : अकरा मिनिटं.

वरखाली म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. फवारा म्हणजे केस कापणारा. एक फवारा त्याच्या हातातल्या बाटलीचा आणि दुसरा तोंडाचा. पहिला अधूनमधून बंद असे.

त्या अकरा मिनिटांचीही एक गंमत आहे. लिफ्ट खरं तर चार मिनिटांतच नीट झाली होती. वरखाली तिच्या टपावर उकिडवा बसला होता आणि बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. पण आत फवारा मदतीच्या फोनवर कुणाला तरी आपल्या सासऱ्याच्या मिशीची हकिगत सांगत होता. तो फोन दीड वर्षापासून मुका होता, पण असल्या किरकोळ कारणानं फवारा थांबणाऱ्यातला नव्हता. मिशी ऐन पेचात सापडली होती, कात्री तिच्यापासून बोटभर अंतरावर आली होती आणि वरखालीचा हात काही बटणाकडे जाईना. शेवटी फवारा दम घ्यायला थांबला, तेव्हा वरखालीनं टपाच्या झडपेतून तोंड खाली घातलं.

"पुढे?"

फवाऱ्यानं वर पाहिलं. "तू कोण?"

"मेकॅनिक."

"मग लिफ्टचं काय?"

"ती झाली कधीच. मिशीचं बोल."

अशी माणसं एकदा भेटली की सुटत नाहीत. त्यानंतर बावीस वर्षं, दर तिसऱ्या मंगळवारी, वरखाली फवाऱ्याच्या खुर्चीत बसत आला. वरखालीला गावातले लोक पायांवरून ओळखू येत, कारण लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहिलं की दारातून फक्त चपला-बूट दिसतात. फवाऱ्याला ते मानेवरून ओळखू येत. दोघं मिळून चर्चेला बसले की एक आख्खा माणूस तयार होई. मधला पोटाचा भाग ते अंदाजानं भरत.

कामाच्या बाबतीत वरखालीची एक पद्धत होती. लिफ्टच्या दारावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. मग डायरीत तीनांतला एक शेरा लिहायचा : 'चालेल', 'बघू' किंवा 'बंद'. साहेब लोक पानभर अहवाल मागत, तो एकच शब्द देई. तो शब्द आजवर खोटा निघाला नव्हता आणि या एका गोष्टीचा त्याला इतका अभिमान होता की बायको म्हणे, "हे झोपेतसुद्धा सही करतात."

एका मंगळवारी केस कापता कापता फवाऱ्याची कात्री थांबली. ती थांबणं म्हणजे गावाचं पाणी जाण्यासारखं होतं. वरखालीनं आरशात पाहिलं.

"लेक बोलावतेय," फवारा म्हणाला. "तिकडे. कायमचं."

फवाऱ्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक लेक परदेशात, तिथेच जावई, तिथेच चार वर्षांची नात. वरखालीनं गळ्याभोवतीचा टॉवेल उगाचच सारखा केला. पण तो म्हणाला एवढंच, "मग?"

"मग आठ दिवस जाऊन बघतो. तूही चल."

"मी कशाला?"

"कान लावायला. अरे, मला दुसऱ्यांचं सगळं कळतं, माझंच कळत नाही. तू 'चालेल' म्हणालास तर राहीन. 'बंद' म्हणालास तर तुझ्याबरोबर परत. लेकीला तसं सांगूनच टाकलंय. आपण तिथे असतानाच, गुरुवारी, तिला माझ्या राहण्याचे कागद भरायचेत."

वरखालीच्या बायकोनं त्याची बॅग भरली तेव्हा वर दोनच वाक्यं ठेवली. "अहो, खरं काय असेल ते सांगून या. तुमचं मेलं तोंड मला माहीत आहे."

विमान उडालं तसा वरखालीनं खिडकीखालच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. लिफ्टच होती ती, फक्त थांबायचा मजला विसरलेली. एकेक मजला गळत गेला : घरांचा, धुराचा, पक्ष्यांचा, मग नुसत्या पांढऱ्याचा. त्या पांढऱ्यातून ते इतके सावकाश चालले होते की आपण चाललोच नाही, कुणीतरी खालची जमीन हळूच ओढून घेतंय, असं त्याला वाटू लागलं. शेजारी फवारा हवाईसुंदरीला तिच्या अंबाड्याची चूक समजावून सांगत होता. तिला त्याची भाषा येत नव्हती. तरी तिनं एक पिन काढून दुसरीकडे लावली.

लेकीचं घर जुन्या आठ मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर होतं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे झाडं, झाडांपलीकडे नदी. नदी वाहते आहे की विचार करते आहे, ते कळत नसे. उजेडसुद्धा तिथे दुधात बुडवून काढल्यासारखा होता, सकाळ दुपारपर्यंत पुरे आणि दुपार संध्याकाळीही उरे. वरखाली खिडकीत बसला की आपण जागे आहोत की कसे, हे बघायला स्वतःचा कान ओढून पाही.

पण तो कामावर आला होता. पहिल्याच दिवसापासून त्यानं दोष शोधायला घेतले. नळाचं पाणी फार गरम येतं. पाव फार कडक. नदीकाठच्या एका बाकाची पाठ नदीकडे. शेजारी कारण नसताना हसतात. दोष सापडला की तो फवाऱ्याला ऐकवी.

"बाकाला पाठ कुठे असावी, हे तू लिफ्टवाला सांगणार?" फवारा म्हणे.

"मी काही म्हणत नाही. नोंद करतोय."

"कर बाबा. नोंद कर. माझ्या नातीचं नाक पण पुसत नाहीत वेळेवर, तेही लिही."

लेक हे ऐकून हसे, पण काकांना जरा घाबरूनच चहा देई. एकदा स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "काका, बाबा तुमच्याच शब्दावर आहेत. मी त्यांना अडवणार नाही. पण तुम्ही मुद्दाम..."

"मी मुद्दाम काही करत नाही," वरखाली म्हणाला आणि चहा पिऊन टाकला. तो फार गरम होता. तीही नोंद झाली.

बुधवारी त्याला हवा तो दोष मिळाला. इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यापाशी कण्हत होती. एक बारीक 'कुईं' आणि मागून एक 'टक'. इतरांना ऐकू येत नव्हतं, त्याला पाचव्या मजल्यावर उशीतसुद्धा येत होतं. म्हातारा बाप, पाचवा मजला आणि आजारी लिफ्ट! 'बंद'चा शेरा आता त्याच्या अगदी जिभेवर आला. पण बघितल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम होता. त्यानं लेकीला सांगून इमारत सांभाळणाऱ्या बाईंकडून वरच्या खोलीची किल्ली मिळवली, फवाऱ्याच्या पेटीतून कात्रीला घालायची तेलाची कुपी उचलली आणि दुपारी तो गच्चीवर गेला.

यंत्राची खोली ओळखीची निघाली. तोच ग्रीसचा वास, तोच भिंतीवर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेला फोन नंबर. त्याला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. दोष शोधायला त्याला सात मिनिटं लागली : एक चाक कोरडं पडलं होतं. बस्स. दोन थेंबांचं काम. कुपी हातात घेऊन तो थांबला. थेंब सोडले की शेरा गेला. नाही सोडले तर कुणालाही, कधीही, काहीही कळणार नव्हतं.

खोलीत गुदमरायला लागलं म्हणून तो बाहेर आला, कठड्याला टेकला आणि त्यानं खाली पाहिलं.

सव्वीस वर्षं तो इमारतींच्या गच्च्यांवर जात होता. गावातल्या झाडून सगळ्या उंच गच्च्या त्याच्या पायांखालून गेल्या होत्या. पण तो यायचा, खोलीचं दार उघडायचा, आत शिरायचा, दार लावायचा आणि खाली जायचा. बघायला म्हणून तो एकदाही कठड्यापाशी उभा राहिला नव्हता. गाव वरून कसं दिसतं, ते त्याला माहीतच नव्हतं.

इथे रस्ता फितीएवढा होता. माणसं बटणांएवढी. नदी दोन झाडांच्या मधून, कुणी हाक मारली तर वळून बघेल इतकी हळू चालली होती. आणि त्या पाठमोऱ्या बाकावर एक म्हातारा गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसला होता, त्याच्यामागे फवारा उभा होता. हातवारे चालले होते, कात्री थांबत होती, पुन्हा चालत होती. सासऱ्याची मिशी चालली असणार. म्हाताऱ्याला त्यातला एक शब्द कळत नसणार आणि तो गदागदा हसत होता. शेजारी आणखी दोन म्हातारे पाळी धरून बसले होते. नात टॉवेलवरचे केस चिमटीनं वेचून नदीच्या दिशेनं फुंकत होती.

मग फवारा खाली वाकला आणि वरखालीला त्याच्या डोक्याच्या मध्यावर एक गोल चकाकताना दिसला. टक्कल! चांगलं बशीएवढं. बावीस वर्षं त्यानं या माणसाला आरशात पाहिलं होतं, म्हणजे समोरून आणि तेही उलटा. सगळ्या गावाची डोकी ज्याला पाठ होती, त्याच्या डोक्याला मागून बघणारं घरी कुणी उरलं नव्हतं, आणि हे वरखालीच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वरून तो माणूस लहान दिसत होता, म्हातारा दिसत होता आणि मजेत दिसत होता. तिन्ही एकदम. आणि या चित्रात वरखाली कुठेच नव्हता, तरी चित्र पूर्ण होतं. याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण ते वाईट वाटणंसुद्धा त्या उंचीवरून बटणाएवढंच दिसत होतं.

तो आत गेला आणि त्यानं दोन थेंब सोडले. मग लिफ्टनं खाली आला. चौथा मजला गुपचूप गेला.

गुरुवारी सकाळी लेक कागद पसरून बसली. फवारा कात्री पुसत तिच्या शेजारी बसला.

"बोल," तो म्हणाला.

"चालेल," वरखाली म्हणाला.

"आणि बाक?"

"बाकही चालेल."

"नीट कान लावलास ना?"

"लावला. आणि तुझ्या डोक्यावर मागे टक्कल पडलंय. बशीएवढं."

"हॅट!" फवाऱ्याचा हात मागे गेला, चाचपत राहिला. "अरे, बावीस वर्षांत कुणी बोललं नाही?" आणि तो इतका हसला की डोळे पुसायला त्याला गिऱ्हाइकाचा टॉवेल लागला. लेकीनं कागदावर सही केली. वरखालीनं नातीचं नाक पुसलं, तेवढं एकच काम जवळ होतं.

परतीच्या विमानात शेजारची खुर्ची एका झोपाळू माणसाला मिळाली. वरखालीनं पत्र्यावर तळहात ठेवला नाही. खिडकीला नाक लावून तो शेवटपर्यंत खाली बघत राहिला.

फवारा तिकडेच राहिला. त्याच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. पहिले दोन महिने दोघं रोज फोनवर बोलत, मग रविवारी. आता महिन्यातून एकदा बोलतात, बहुतेक गुडघ्यांबद्दल.