हॉलंडचा फोन

कानपूरहून संगणकांच्या जाळ्यांवर पीएच.डी. करून वैजीनाथ ब्याण्णव साली ताडकळसला परत आला, आणि डोक्याला ताप सुरू झाला. पोरगं डॉक्टर झालंय म्हटल्यावर शेजारची तानुबाई दुखरा गुडघा घेऊन ओट्यावर हजर. आपण औषधाचे डॉक्टर नव्हे, हे सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं. "मग कशाचा हाईस बाबा?" ती विचारायची. आता काय सांगावं? तो ज्या कामाचा होता ते काम उभ्या परभणी जिल्ह्यात नव्हतं.

त्याला पोस्टडॉक हवं होतं, म्हणजे परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत दोन वर्षं संशोधन. ते मिळालं नाही तर शिकलेलं सगळं गंजणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर त्यानं प्राध्यापकांना पत्रं धाडली. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही आणि ज्यांनी दिलं त्यांनी शुभेच्छा दिल्या. त्या शुभेच्छांचा त्याला वीट आला. वर वडील, आप्पाराव, रोज तेच: "इतकं शिकलास, अजून शिकायचं ऱ्हायलंच हाय का?"

अखेर हॉलंडचा एक प्राध्यापक फोनवर बोलायला तयार झाला. फोन होता किशनरावांच्या आडत दुकानात. नेमका बाजाराचा दिवस, हमालांचा कालवा. वैजीनाथ एका कानात बोट खुपसून उभा आणि आप्पाराव शेजारच्या तुरीच्या पोत्यावर बसलेले.

"या विषयातलं तुम्हाला कितपत येतं?" साहेबानं इंग्रजीत विचारलं.

याच विषयापायी त्यानं ऐन उमेदीची वर्षं घासली होती. पण आपलीच टिमकी आपण वाजवायची आपल्याकडं रीत नाही. "थोडंफार," तो म्हणाला.

"एकट्यानं काम उभं कराल?"

"तुमच्यासारख्यांचा हात पाठीवर असला तर होईल."

"बरं. सप्टेंबरात येता का?"

वर्षभर ज्या प्रश्नासाठी जीव टांगला होता, तो हाच. आणि हा शहाणा म्हणाला, "वडिलांना विचारून कळवतो."

फोन ठेवून त्यानं काय बोलणं झालं ते सांगितलं, तसे आप्पाराव खूष झाले. "बेस केलंस. लगेच हो म्हणलं की माणूस हावरा दिसतोय. सोयरीक असो का नौकरी, दुसऱ्यांदा इचारू द्यावं."

मग बापलेक दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसले. वैजीनाथचा जीव खालीवर व्हायचा, पण आपण होऊन फोन करायचा म्हणजे गळ्यात पडणं. आलं ते पत्र. ज्याला आपल्या ज्ञानाची खात्री आहे असा दुसरा उमेदवार त्यांनी घेतला होता. तुम्हाला शुभेच्छा.

वैजीनाथला संताप आला, पण काढायचा कुणावर? साहेबानं सरळ विचारलं होतं. बापानं जन्मभर पाळलं तेच सांगितलं होतं. तो तसाच जेवायला बसला. एक भाकरी संपली तशी आई, गोजरबाई, दुसरी घेऊन वाकली.

"नको."

"घे की, अर्धी तरी."

"नको म्हणलं ना. एकदा सांगितलेलं कळत न्हाई का तुमाला?"

गोजरबाईचा हात थांबला. भाकरी परत टोपल्यात ठेवून ती चुलीपाशी जाऊन बसली. वैजीनाथनं ताटात हात धुतला. त्याचं पोट अजून भरलं नव्हतं.