नखांतली राख

संग्रामपूरहून नांदुऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. लेकीकडे निघालेली, मांडीवर पिशवी. बस सुटली तशी तिची चुळबुळ सुरू झाली. कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या वाळाव्यात म्हणून तिने चुलीला टेकवून ठेवल्या होत्या, आणि निघताना विस्तव राखेने झाकला की नाही, ते काही केल्या आठवत नव्हतं. घराला कुलूप.

"गॅसचं बटन तरी दिसते ताई. इस्तवाले कसं इचारू, झोपला का जागा हाय?"

मग तिने बोटं उन्हात धरली. नखांत राख होती. "हे पाहा, झाकला म्या!" तिने पाठ टेकली. मलाही हायसं वाटलं. पण लगेच ती ताठ झाली.

"भांडे बी राखीनंच घासले ना वं म्या!"

पुढच्या फाट्यावर ती उतरली आणि परतीच्या गाडीसाठी धावतच रस्त्यापलीकडे गेली.

संध्याकाळी मी त्याच रस्त्याने परतले. गावागावांवर धूर होता. चुली पेटायचीच वेळ ती. पण तिचं गाव कोणतं हे मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे एकाही धुरावरून माझी नजर हटेना.