नन्नाचा होकार

आमच्या रस्त्यावर टायरचं दुकान एकच, आणि त्याचा मालक नन्ना. खरं नाव पाटीवर रंगवलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. माझं बॅटरीचं दुकान त्याला लागून, मध्ये नुसता एक पत्रा. त्यामुळे त्याचा नन्नाचा पाढा मी रोज फुकटात ऐकतो.

एखादा पिकअपवाला यायचा, मोबाइलमधला फोटो पुढे करायचा. कंबरेएवढी चाकं, मडगार्डच्या बाहेर आलेले टायर.

"असं करून द्या, शेठ."

"नाही."

"अहो, पैसे मोजतोय ना!"

"नाकापेक्षा मोती जड करून मी देत नाही."

गिऱ्हाईक तरीही हटलं नाही, तर नन्ना त्याला दंडाला धरून गाडीपाशी न्यायचा. स्टिअरिंग पूर्ण वळवलंस की टायर इथे घासणार. चाक जड झालं की ब्रेक मारल्यावर गाडी उशिरा थांबणार. आणि मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण वेगाचा काटा बिचारा जुन्याच हिशेबात. तो साठ दाखवतो तेव्हा गाडी सत्तरला टेकलेली असते. "फारच हौस असेल तर एखाद इंच मोठी रिम घे, जाड बाजूचे साधे टायर घे. त्यापुढचं माझ्याकडे मिळत नाही." निम्मे लोक शिव्या देत जायचे. 'ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं,' असं पुटपुटत नन्ना परत स्टुलावर. मला त्याचा रागही यायचा, कारण त्याच्याकडून रागावून गेलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे कशाला वळतंय?

त्याला मुलगी एकच. डोंगरापलीकडच्या गावात दिलेली, मध्ये वळणावळणाचा उतार. जावयाचं प्लायवूडचं दुकान आणि मालवाहतुकीला पिकअप. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. मोठ्यानं हसतो, माझ्याही तब्येतीची चौकशी करतो. फक्त 'नाही' पचत नाही त्याला. मागे त्यानं कुणाचे तरी जुने रुंद टायर आणले होते, बसवून द्या म्हणून. नन्नानं चारचौघांत नाही म्हटलं. जावई हसतच गेला, पण त्यानंतर लेकीचे फोन आखडले आणि वर्षभर ती माहेरी फिरकली नाही. "वेळ होत नाही, बाबा," एवढंच म्हणायची. एकदा नन्ना पत्र्याला टेकून मला म्हणाला, "जगाला नाही म्हणून माझं काही बिघडलं नाही. ह्या एका नाहीनं पोर तुटली बघ."

आणि परवा दोघं जोडीनं आली. पिकअपच्या मागच्या भागात वीस इंची, काळ्या चकचकीत चार रिम.

"मामा, टायर तुमच्याकडूनच घ्यायचे, असं हिचं म्हणणं! मला तर पलीकडेच मिळत होते."

नन्ना नुसता खुलला. आत जाऊन खुर्ची पुसून आला, लेकीला बसवलं. मग रिमकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आता पाढा सुरू होणार.

"जावईबापू, सतरा इंची बघितल्या का? फार देखण्या येतात."

"छे हो. सगळ्यांच्या वीसच आहेत, आणि त्यावर चिखलाचे, खोल नक्षीचे टायर."

"मग निदान टायरची नक्षी तरी साधी घेऊ. हे चिखलाचे टायर ओल्या डांबरावर धरत नाहीत."

"मामा, रुबाब त्या नक्षीचाच तर आहे!"

नन्नानं लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच टक लावून बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्या नजरेचा अर्थ त्यानं लावला तो असा, की बाबा, पुन्हा वाकडं नको. मलाही तेच वाटलं.

"बसवू," नन्ना म्हणाला. "डेपोतून दुपारपर्यंत मागवतो."

इतक्या वर्षांत असल्या मागणीला हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. लेकीच्या हातातून पदर सुटला.

दुपारी टायर आले. चाक मडगार्डला घासायला लागलं, तेव्हा नन्नानं स्वतः कटर लावून आतली कड कापली. एरवी गाडीच्या पत्र्याला ओरखडा गेला तरी जेवण न जाणारा माणूस! नट तीन-तीनदा आवळत होता. पिकअप अशी उंच झाली, की जावयानं तिच्याभोवती एक फेरी मारून शीळ घातली आणि चक्कर मारायला घेऊन गेला.

तेव्हा लेक उठली.

"बाबा, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

नन्ना हात पुसत होता, तसाच थांबला.

"उताराला हे गाडी कशी सोडतात, तुम्हाला नाही ठाऊक. मी डोळे मिटून बसते. माझं ऐकत नाहीत. म्हणून मी अट घातली, बाबा काय म्हणतील ते. त्यांनी शब्द दिला होता. तुम्ही नाही म्हणाला असता, तर विषय संपला असता. तुम्ही तर सगळ्यांना नाही म्हणता, बाबा."

नन्नानं गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहिलं. मला तिथं उभं राहवेना आणि जाववेनाही.

"आता सांगतो," तो कसाबसा म्हणाला. "येऊ दे त्याला. चुकलं म्हणतो, काढून ठेवतो."

"नको. आता मीच तुम्हाला सांगायला लावलं, असं होईल. मग परत येणं अवघड आहे माझं."

एवढ्यात हॉर्न वाजला. आतली सीट तिच्या छातीशी आली होती. नन्नानं आपलं स्टूल आणून खाली ठेवलं, कोपर धरून तिला वर चढवलं.

"हळू चालवा हं, जावईबापू."

"काळजीच नको, मामा! उताराला काटा साठच्या वर जाऊ देणार नाही!" तो मनापासून म्हणाला आणि मलाही हात करायला वळला.

तेवढ्यात नन्ना खिडकीशी टाचा उंचावून लेकीला हळूच म्हणाला, "काटा दाखवील त्यात दहा धरत जा."

"धरून काय करू, बाबा?"

गाडी निघाली. नन्ना तसाच टाचांवर उभा होता.